मान आखडते, तेव्हा मनाचे काय होते?

वर्षानुवर्षे मान दुखणाऱ्यांना बहुधा दोनच उत्तरे ऐकायला मिळतात. एक, 'मणक्यात गॅप आहे.' दुसरे, 'हे सगळे तुमच्या मनाचे खेळ आहेत.' दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि दोन्हींनी दुखणे वाढते.

सकाळी उठावे आणि मान एका बाजूला वळूच नये, हा अनुभव ज्याला नाही असे घर विरळाच. कुणी म्हणते उशी चुकली, कुणी म्हणते रात्रभर पंख्याचा वारा लागला, कुणाच्या मते उसण भरली. तव्यावर फडके गरम करून शेक दिला जातो, बाम चोळला जातो आणि दोन-चार दिवसांत मान मोकळी होते. चार दिवसांनी कोणती बाजू धरली होती हेही आठवत नाही.

पण काहींची मान अशी मोकळी होत नाही. आठवडे जातात, महिने जातात. तीन महिने उलटूनही दुखणे टिकून राहिले, की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट दुखणे म्हणते. आणि अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. साध्या मानदुखीने बेजार असलेल्यांची जगभरातली संख्या २०२० साली २० कोटींच्या वर होती असा अंदाज आहे, आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. साधी म्हणजे ज्यात हाड मोडलेले नाही, गाठ नाही, जंतूंचा संसर्ग नाही अशी. तपासणीत काही भयंकर सापडत नाही, आणि तरीही माणूस बेजार असतो. या दुखण्याची खरी पंचाईत हीच आहे.

मराठी भाषेला मानेचे आणि मनाचे नाते फार पूर्वीपासून ठाऊक असावे. काळजी मानगुटीवर बसते. दबलेला माणूस मान तुकवतो, अपमान झालेला मान खाली घालून जातो, जिद्दीचा माणूस मान ताठ ठेवतो. 'मान' या एकाच शब्दात शरीराचा अवयवही आहे आणि प्रतिष्ठाही. वैद्यकाला मात्र हे नाते मोजून पाहण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले.

गॅप नावाचे भूत

मान दुखते म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. एक्स-रे निघतो, हल्ली अनेकदा एमआरआयही निघतो. अहवालात चकती सरकल्याचे, मणक्यांच्या कडा वाढल्याचे, दोन मणक्यांतले अंतर कमी झाल्याचे लिहिलेले असते. घरी परतताना तोंडी एकच शब्द असतो, 'स्पॉन्डिलायटिस'. वास्तविक वयानुसार होणाऱ्या झिजेला स्पॉन्डिलोसिस म्हणतात. दाह असणारा आजार वेगळा. पण आपल्याकडे सगळ्यांना एकच नाव पडले आहे, आणि हे नाव एकदा चिकटले की माणूस जन्माचा रोगी होतो.

जपानमधल्या डॉक्टरांनी १,२११ निरोगी माणसांच्या मानेचे एमआरआय काढले. या लोकांना मानेची काही तक्रार नव्हती. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८७.६ टक्के लोकांमध्ये चकती बाहेर फुगलेली आढळली. यात नुसते म्हातारेच नव्हते. विशीतल्या तरुण-तरुणींमध्येही दहापैकी सातांहून अधिक जणांच्या चकत्या फुगलेल्या होत्या. आणि यांतल्या कुणाचीही मान दुखत नव्हती!

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे असा नव्हे. चकतीने मज्जातंतू दाबला असेल, हात बधिर होत असेल, बोटांतली ताकद जात असेल तर ती तपासणी हवीच. पण नुसत्या मानदुखीत सापडलेला 'गॅप' पुष्कळदा पिकलेल्या केसांइतकाच नैसर्गिक असतो. तो सापडला म्हणून दुखण्याचे कारणही सापडले असे होत नाही.

तोटा मात्र होतो. 'जपा हं, झटका बसला तर हातपाय जातील', असे एखादे वाक्य कुणी सहज बोलून जाते आणि ते माणसाच्या मनात घर करते. त्या दिवसापासून तो मान वळवायची म्हटली की अख्खे अंग वळवतो. बाई वरच्या फळीवरचा डबा काढणे सोडते, वेणी घालताना हात वर नेणे टाळते, नातवाला कडेवर घेत नाही. मान जपली जाते, पण मानेचे स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत जातात.

सगळ्यांच्या आधी उठणारे, सगळ्यांच्या नंतर झोपणारे

माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. हे ओझे सात मणक्यांच्या एका लवचीक खांबावर तोललेले असते आणि तो खांब सावरण्याचे काम स्नायूंकडे असते. त्यांतला सर्वांत ओळखीचा स्नायू म्हणजे ट्रॅपेझियस. डोक्याच्या मागच्या हाडापासून खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत तो शालीसारखा पसरलेला असतो. मान दुखणारा माणूस नकळत ज्या जागी हात नेऊन दाबतो, ती खांद्याच्या वरची जागा याच स्नायूची. त्याच्या खाली खांद्याचे पाते वर उचलणारा आणखी एक स्नायू असतो. आणि मणक्यांना समोरून अगदी चिकटून असलेले लहान, खोल स्नायू असतात. ते बाहेरून दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, पण मान स्थिर ठेवण्याचे मूळ काम त्यांचेच.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात ग्वेंडोलेन जुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खोल स्नायूंचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. जुनाट मानदुखीत हे खोल स्नायू मागे पडतात आणि वरचे मोठे स्नायू त्यांचे काम अंगावर घेतात, असे त्यांना दिसले. मोठ्या स्नायूंची रचना अशा चोवीस तासांच्या राखणीसाठी नाही. साहजिकच ते थकतात, दुखतात, ताठ वाटू लागतात.

मन इथेच कामाला लागते. परीक्षेचा निकाल लागायचा असताना, साहेबांनी केबिनमध्ये बोलावले असताना, रात्री उशिरापर्यंत मुलगी घरी आली नसताना स्वतःच्या खांद्यांकडे लक्ष द्यावे. ते कानांच्या दिशेने वर चढलेले असतात. स्टॉकहोमचे मानसशास्त्रज्ञ उल्फ लुंडबर्ग यांनी १९९४ साली प्रयोगशाळेत हे मोजून दाखवले. कुठलेही अंगमेहनतीचे काम न देता, नुसता हिशेबासारखा बौद्धिक ताण दिला तरी ट्रॅपेझियस स्नायूतली विद्युत हालचाल वाढते. शारीरिक कामात मानसिक ताणाची भर पडली, तर ती आणखी वाढते.

इतक्याशा ताणाने स्नायू दुखावा, हे अजब वाटते. पाच किलोची पिशवी उचलताना जितकी ताकद लागते त्याच्या तुलनेत हा ताण किती क्षुल्लक! स्वीडनमधले संशोधक योरान हेग यांनी १९९१ साली यावर एक कल्पना मांडली आणि तिला नाव दिले 'सिंड्रेला'. स्नायूतले सगळे तंतू एकाच वेळी काम करत नाहीत. काम सुरू झाले की लहान तंतूंची एक ठरावीक तुकडी सर्वांत आधी कामाला लागते, आणि स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत तिला सुट्टी मिळत नाही. जड काम आले की मोठ्या तुकड्या येतात आणि काम संपवून जातात. हलके, पण न संपणारे काम मात्र याच बिचाऱ्या तुकडीच्या माथी. परीकथेतली सिंड्रेला जशी सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या नंतर अंथरुणाला पाठ टेकायची, तसेच हे तंतू.

आपल्याकडच्या घरांत सिंड्रेला समजावून सांगायला परीकथेची गरज नाही. पहाटे पाण्याला उठणारी आणि रात्री ओटा पुसून, दूध विरजून झोपणारी बाई प्रत्येक चाळीत आणि प्रत्येक सोसायटीत आहे. तिच्या कामात एकही काम 'जड' म्हणावे असे नसते. म्हणूनच 'दिवसभर करतेस काय?' असा प्रश्न तिला विचारता येतो. आणि म्हणूनच तिची मान दुखते.

नॉर्वेत पॅकिंगचे काम करणाऱ्या स्त्रियांवर झालेला एक अभ्यास या संदर्भात बोलका आहे. १९९३ साली तो प्रसिद्ध झाला. कामावर नव्याने लागलेल्या स्त्रियांच्या ट्रॅपेझियसची नोंद वर्षभर घेतली गेली. काम एकच, यंत्राचा वेग एकच. तरी काहींची मान-खांदे दुखू लागले, काहींचे नाही. ज्यांचे स्नायू कामाच्या ओघात मधूनमधून क्षणभर, अगदी सेकंदाच्या काही भागापुरते का होईना, पूर्ण सैल होत होते, त्या बहुतेक बचावल्या. ज्यांना ही निमिषभराची विश्रांती कमी मिळत होती, त्या आजारी पडल्या. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका, येवल्यातले पैठणीचे विणकर, शिवणयंत्रावर बसणाऱ्या मुली, बँकेच्या काउंटरवरचे कारकून आणि हल्ली संगणकासमोर दहा-दहा तास बसणारे तरुण, या सगळ्यांना हे लागू पडते. दिवसभरात किती वजन उचलले यापेक्षा खांदे किती वेळा खाली आले, हा हिशेब अधिक महत्त्वाचा.

मोबाइल फोनला मात्र सगळा दोष देण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकावर गणित मांडून दाखवले की मान ६० अंशांत वाकली, तर मणक्यांवर २७ किलोंचा भार येतो. वर्तमानपत्रांनी हा आकडा उचलून धरला. पण ते गणित होते, माणसांवरची पाहणी नव्हती. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वर्षांच्या १५० तरुणांना फोन हाताळताना प्रत्यक्ष तपासले गेले, तेव्हा मान वाकवून बसण्याचा आणि मान दुखण्याचा संबंध आढळला नाही. मान वाकवणे हा गुन्हा नाही. तासन्‌तास एकाच जागी ठेवणे मात्र मानेला सोसत नाही.

ताठ वाटणे आणि ताठ असणे

'माझी मान लाकडासारखी झाली आहे', असे रुग्ण सांगतो. स्नायू खरोखर लाकडासारखा झालेला असतो का? आता ते मोजता येते. अल्ट्रासाउंडच्या एका प्रगत तंत्राने स्नायूतून सूक्ष्म लहर पाठवतात. स्नायू जितका ताठर, तितकी लहर वेगाने धावते. स्नायूवर हलकी टिचकी मारून त्याचा ताठरपणा मोजणारी हातात मावणारी यंत्रेही निघाली आहेत.

अशा मोजण्यांनी तज्ज्ञांनाही बुचकळ्यात टाकले. काही अभ्यासांत जुनाट मानदुखी असलेल्यांचा ट्रॅपेझियस इतरांपेक्षा ताठर निघाला. पण काही अभ्यासांत मान लाकूड झाल्याचे सांगणाऱ्यांचे स्नायू आणि ठणठणीत माणसांचे स्नायू यांत फरकच सापडला नाही.

मग हे लोक खोटे बोलतात का? मुळीच नाही. याचे उत्तर पाठदुखीवरच्या एका सुंदर प्रयोगात सापडते. दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या टाशा स्टँटन आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ साली प्रसिद्ध केला. पाठ ताठ वाटते असे सांगणाऱ्यांच्या मणक्यांचा ताठरपणा यंत्राने मोजला. वाटणारा ताठरपणा आणि मोजलेला ताठरपणा यांचा मेळ बसेना. मग पाठीवर दाब देताना त्याच वेळी त्यांना आवाज ऐकवले गेले. करकरणाऱ्या दाराचा आवाज ऐकला की पाठीवरच्या दाबाचा त्यांचा अंदाज बदलत असे! ताठरपणाची भावना, असा निष्कर्ष निघाला, म्हणजे मणक्यांनी पाठवलेली सरळ बातमी नव्हे. ती मेंदूने घातलेली राखण आहे. 'हा भाग धोक्यात आहे, हलवू नकोस', असे सांगण्याची ती मेंदूची रीत आहे.

राखणदार सावध असावा हे चांगलेच. पण एकदा चोरी झालेल्या घरातला राखणदार मांजर फिरले तरी शिट्टी फुंकतो, तशी जुनाट दुखण्यात मेंदूची गत होते. काळजी, अपुरी झोप, खचलेले मन यांनी हा राखणदार अधिकच कावराबावरा होतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ सालीच वेदनेच्या व्याख्येत शारीरिक जाणिवेबरोबर भावनेला स्थान दिले, आणि २०२० साली व्याख्या सुधारतानाही ते कायम ठेवले. म्हणजे दुखणे हे एकाच वेळी शरीराचे आणि मनाचे असते. ते मनाचे 'खेळ' मात्र नसते. हा शब्द वापरणाऱ्यांनी एक रात्र आखडलेली मान घेऊन काढून पाहावी.

आधी मान की आधी मन?

दीर्घकाळ दुखत राहिले तर कोणाचेही मन खचेल, हे समजण्यासारखे आहे. पण उलटा प्रवासही होतो. कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात ज्यांना मानेचा किंवा कंबरेचा त्रास नव्हता, किंवा अगदी किरकोळ होता, अशा लोकांची पाहणी करून त्यांच्यावर पुढे लक्ष ठेवले गेले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ज्यांच्यात सुरुवातीला नैराश्याची लक्षणे सर्वांत जास्त होती, त्यांना पुढे त्रासदायक मानदुखी किंवा कंबरदुखी होण्याची शक्यता, लक्षणे सर्वांत कमी असलेल्यांच्या जवळजवळ चौपट निघाली. मन आधी खचले, मान नंतर धरली.

एकदा हे चक्र फिरू लागले की सुरुवात कुठे झाली याला फारसा अर्थ राहत नाही. दुखते म्हणून झोप लागत नाही. झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी अधिक दुखते. दुखेल या भीतीने हालचाल कमी होते. हालचाल कमी झाल्याने स्नायू दुबळे होतात आणि थोडेसे काम केले तरी दुखते. मग भीती खरीच होती असे वाटते. योहान व्हलायन आणि स्टीव्हन लिंटन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० साली या भीतीच्या फेऱ्याचे सविस्तर विवेचन केले. दुखणे किती दिवस रेंगाळणार हे पुष्कळदा दुखापतीपेक्षा या भीतीवर अवलंबून असते.

घरात हे चक्र कसे दिसते? बाई लग्नकार्याला जायचे टाळू लागते. तिथे तासन्‌तास बसावे लागेल म्हणून. दुचाकी चालवणारा गृहस्थ मागचे वाहन पाहायला मान वळत नाही म्हणून स्कूटर विकून टाकतो. मुले अभ्यासात काही विचारायला आली की अंगावर ओरडणे होते. पुस्तक उघडले तरी दोन पानांपलीकडे लक्ष लागत नाही. घरचे प्रथम काळजी करतात, मग कंटाळतात. 'रोजचेच आहे हिचे', हे वाक्य स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते. त्यानंतर ती बाई दुखते म्हणून सांगणेच सोडते. तिचे खांदे मात्र कानांशी गेलेले असतात.

मानदुखीचा जगण्यावर किती परिणाम झाला हे पाहण्यासाठी डॉक्टर एक प्रश्नावली वापरतात. कॅनडातले हॉवर्ड व्हर्नन यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. तिच्यातल्या दहा बाबी पाहिल्या की चकित व्हायला होते: वेदना, स्वतःची आवराआवर, वजन उचलणे, वाचन, डोकेदुखी, एकाग्रता, कामधंदा, वाहन चालवणे, झोप आणि करमणूक. मणक्यांच्या गॅपचा यात उल्लेखही नाही.

आपल्याकडे खरी अडचण पुढेच आहे. मान दाखवायला लाज वाटत नाही, मन दाखवायला वाटते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता आणि नैराश्य यांसारख्या नेहमीच्या मानसिक विकारांच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांवर उपचारच होत नसल्याचे आढळले. यांतले कितीतरी जण मान, पाठ, डोके घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे रांगेत बसलेले असतात. तिथे त्यांना गोळ्या मिळतात, पट्टा मिळतो. 'झोप कशी लागते? पूर्वी आवडायचे ते अजून आवडते का?' हे दोन प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, भूक-झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ती गोष्ट मानेच्या डॉक्टरलाही स्पष्ट सांगायला हवी.

काय उपयोगी पडते, काय नाही

मानेचा पट्टा हे आपल्याकडच्या मानदुखीचे अधिकृत चिन्ह होऊन बसले आहे. पट्टा घातला की घरच्यांना दुखणे खरे वाटते, एवढा त्याचा फायदा निश्चित. पण साध्या जुनाट मानदुखीत तो महिनोन्‌महिने घालणे हिताचे नाही. जे काम स्नायूंनी करायचे ते पट्टा करू लागतो आणि स्नायू आणखी दुबळे होतात.

मालिश आणि शेक यांनी बरे वाटते, ते खरेच वाटते. मात्र ते तात्पुरते असते. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. वर्षानुवर्षे त्या मनाने घेणाऱ्यांच्या जठरावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. केस कापायला गेल्यावर मान कडाकडा मोडून घेण्याची हौस मात्र सोडलेली बरी. अचानक हिसका दिल्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. आणि जत्रेतल्या वैदूकडून किंवा कुणा बाबाकडून 'नस बसवून' घेणाऱ्यांबद्दल काय बोलावे!

सर्वांत जास्त आधार आहे तो व्यायामाला. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ नोकरदारांवर एक प्रयोग झाला आणि तो २०११ साली प्रसिद्ध झाला. रबरी पट्टा पायाखाली धरून, कोपर किंचित वाकवून दोन्ही हात बाजूंनी खांद्यांच्या उंचीपर्यंत उचलायचे आणि सावकाश खाली आणायचे, एवढाच व्यायाम. एका गटाने तो रोज दोन मिनिटे केला, दुसऱ्याने बारा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचे दुखणे, काहीच न करणाऱ्या गटाच्या तुलनेत, ठळकपणे कमी झाले होते. दोन मिनिटांचा फायदा बारा मिनिटांच्या जवळपास होता. 'वेळ नाही' ही सबब इथे चालण्यासारखी नाही.

खोल स्नायूंसाठी वेगळा व्यायाम आहे. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी ठेवावी. डोके न उचलता, हळूच 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी गळ्याकडे न्यावी, पाच ते दहा सेकंद धरावी, सोडावी. असे दहा वेळा करता आले तर उत्तम. गळ्याच्या बाजूच्या मोठ्या शिरा-स्नायू ताणून वर आले, तर जोर जास्त लागतो आहे असे समजावे. पहिल्यांदा हा व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकावा. दिसतो तितका तो सोपा नाही. रोज अर्धा तास भरभर चालणे हेही मान आणि मन दोन्हींसाठी गुणकारी आहे.

मनाच्या बाजूने उपाय करायचे म्हणजे 'चांगले विचार करा' असा उपदेश नव्हे. मानसशास्त्रज्ञ जी विचार-वर्तन उपचारपद्धती वापरतात, तिच्यात माणूस आपल्या भीतीची एक यादी करतो: वरचा डबा काढणे, मागे वळून पाहणे, रिक्षात बसणे. मग सर्वांत कमी भीतीच्या गोष्टीपासून सुरुवात करून एकेक गोष्ट पुन्हा करून पाहतो आणि आपली मान मोडत नाही हे स्वतः अनुभवतो. एकट्या या उपचाराने मानदुखीवर पडणारा फरक मोठा नसतो, हेही सांगितले पाहिजे. व्यायामाच्या जोडीने तो करावा. काही वेळा डॉक्टर नैराश्यावरची गोळी कमी मात्रेत जुनाट वेदनेसाठी देतात. औषधाचा कागद वाचून 'मला वेडे ठरवले' म्हणून ती परस्पर बंद करणारे पुष्कळ आहेत. डॉक्टरांनी ती का दिली हे समजावून सांगायला हवे होते, हा भाग वेगळा.

मनाबद्दल कुणाशी तरी बोलायचे आहे, पण कुठे जावे कळत नाही, अशांसाठी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही. इंदूर, बडोदा किंवा हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसालाही मनातले स्वतःच्या भाषेत सांगता येते, ही सोय लहान नाही.

काही लक्षणे मात्र घरी बसून पाहत राहण्याची नसतात. हाताची पकड ढिली होणे, बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, मानदुखीबरोबर ताप किंवा कारण नसताना वजन घटणे, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखणे, किंवा मानेपासून डाव्या हातात कळ येऊन छातीत दडपणे. यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब डॉक्टरकडे जावे.

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दुखणे थोडे वाढते, आणि बरेच जण तिथेच सोडतात. फरक कळायला सहा ते बारा आठवडे लागतात. मध्येच एखाद्या दिवशी, घरात पाहुणे असताना किंवा वर्षअखेरीचे हिशेब चालू असताना, मान पुन्हा धरते. त्या दिवशी शेक घ्यावा, व्यायाम निम्मा करावा, पण बंद करू नये. आणि त्या दिवसापुरते तरी वरच्या फळीवरचे डबे, पाण्याची बादली आणि बाजाराची पिशवी घरातल्या दुसऱ्या कुणी तरी उचलावी.